माशी-अळी विकार

माणसाच्या किंवा जनावरांच्या जिवंत शरीरात माश्यांच्या अळ्या वाढल्यामुळे होणारा विकार. यालाच व्यवहारात ‘जखमेत किडे पडणे’ म्हणतात. माश्या व्रणात कृमी टाकतात, हे सुश्रुतसंहितेत नमूद असून औषधी काढ्यांनी व्रण धुणे व त्यावर मांसाचा तुकडा ठेवून कृमी बाहेर ओढणे, हे उपाय तीत दिले आहेत. १८४० मध्ये एफ. डब्ल्यू. होप यांनी या विकारास ‘मायासिस’ हे नाव दिले. भारतात क्रायसोमिया बेझियाना ही माशी त्याचे प्रमुख कारण असल्याचे डब्ल्यू. एस. पॅटन यांच्या १९२० नंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले. मादी जखमेच्या कडेला सु. १५०–२०० अंडी घालते. अळ्या दिवसभरात बाहेर पडतात, ५–७ दिवस ऊतके खातात व नंतर जमिनीत कोशावस्थेत जातात.

अमेरिकेतील अशाच एका माशीचे कुरासाव बेटावर १९५४ मध्ये, गॅमा किरणांनी वंध्य केलेल्या माश्या सोडून निर्मूलन करण्यात आले. भारतात मात्र ही माशी मूळचीच व सर्वत्र पसरलेली आहे. त्यामुळे पालघर, बोईसर–तारापूर यांसारख्या उष्ण व दमट किनारी भागांत, विशेषतः पावसाळ्यात, गुरांची लहानशी जखम किंवा वासराची ओली नाळही धोक्याची ठरते. वेळीच अळ्या काढून जखम स्वच्छ व झाकलेली ठेवणे, हाच सुश्रुतकाळापासूनचा मुख्य उपाय आजही कायम आहे.