देवमासा पाहावा, पण शंभर यार्डांवरून

प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर डिसेंबर उजाडला की किनाऱ्यावरील नजरा क्षितिजाकडे लागतात. निळ्या पाण्यावर अचानक तीन-चार मीटर उंच धूसर फवारा उडतो, पाठोपाठ काळीभोर पाठ वर येते आणि क्षणात दिसेनाशी होते. हे आगमन असते हम्पबॅक जातीच्या देवमाशाचे. अलास्काच्या थंड समुद्रातून सुमारे ४,८०० किलोमीटरांचा प्रवास करून हे महाकाय पाहुणे दरवर्षी येथे येतात आणि एप्रिलच्या सुमारास परततात. जानेवारी ते मार्च हा त्यांच्या दर्शनाचा सर्वोत्तम काळ.

उपासाचा मुक्काम

नावात मासा असला, तरी देवमासा हा सस्तन प्राणी आहे. पूर्ण वाढ झालेला हम्पबॅक १२ ते १५ मीटर लांब असतो. बुडी मारताना पाठीला येणाऱ्या बाकावरून त्याला हे नाव मिळाले. उन्हाळ्यात उत्तरेकडे क्रिल आणि लहान मासे खाऊन चरबी साठवायची आणि हिवाळ्यात त्या साठ्यावर गुजराण करायची, हा त्याचा शिरस्ता. हवाईच्या उबदार पाण्यात त्याला खाद्य जवळजवळ मिळतच नाही. तेथे तो येतो मीलनासाठी आणि पिलांना जन्म देण्यासाठी.

नवजात पिलू तीन ते साडेचार मीटर लांब असते. त्याला दूध पाजणारी आई मात्र महिनोन्महिने उपाशी असते. परतीचा प्रवासही तिला उरलेल्या साठ्यावरच करावा लागतो. त्यामुळे एखादी नौका चुकविण्यासाठी घ्यावा लागणारा प्रत्येक जादा वळसा तिला महागात पडतो. देवमासे पाहण्याच्या नियमांचे मूळ या उपासात आहे.

काय पाहावे?

माउई, मोलोकाई, लानाई आणि काहोओलावे या बेटांमधील तुलनेने उथळ समुद्र हे हम्पबॅकचे आवडते ठिकाण. नौका घेतलीच पाहिजे असे नाही. माउईवरील मॅकग्रेगर पॉइंटसारख्या उंच जागेवरूनही दुर्बिणीने ते दिसतात. प्रौढ देवमासा साधारणतः १० ते १५ मिनिटांनी, तर पिलू तीन ते पाच मिनिटांनी श्वासासाठी वर येते. म्हणजे पाहणाऱ्याजवळ हवा तो संयम.

कधी हा प्राणी अवघे शरीर पाण्याबाहेर झोकून देतो, कधी लांबलचक परांनी पाण्यावर थपडा मारतो. खोल बुडी घेताना त्याची शेपटी वर येते. तिच्या खालच्या बाजूवरील काळ्या-पांढऱ्या खुणा प्रत्येक देवमाशाच्या वेगळ्या असतात. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे त्यांचा उपयोग होतो आणि पर्यटकांनी काढलेली छायाचित्रेही संशोधकांच्या कामी येतात. नर दीर्घ, गुंतागुंतीचे गीत गातात. या गीतांची ध्वनिमुद्रिका १९७० मध्ये प्रसिद्ध झाली आणि देवमासे वाचविण्याच्या चळवळीला त्यातून मोठे बळ मिळाले.

अंतराचा नियम

हवाईत १९९२ मध्ये हम्पबॅकसाठी राष्ट्रीय सागरी अभयारण्य स्थापन झाले. तेथील समुद्रात हम्पबॅकच्या १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९० मीटरांच्या आत जाण्यास कायद्याने मनाई आहे. हा नियम नौकांप्रमाणेच पोहणाऱ्यांनाही लागू आहे. त्याच्या वाटेत आधीच जाऊन थांबणे, हाही नियमभंगच. विमानांना एक हजार फुटांखाली त्याच्याजवळ येता येत नाही. नौका निवडताना तिचा तांडेल हे नियम पाळतो का, याची विचारपूस करणे हे प्रवाशाचे पहिले कर्तव्य.

शिकार थांबली, संकट नाही

उत्तर प्रशांत महासागरात १९६६ पासून हम्पबॅकला शिकारीपासून संरक्षण मिळाले, तेव्हा त्यांची संख्या अवघी हजार-दीड हजार उरली असावी, असा अंदाज आहे. २०१२ पर्यंत ती सुमारे ३३ हजारांवर पोहोचली. मात्र २०१४ ते २०१६ या काळात तेथील समुद्र असाधारण तापला, खाद्य घटले आणि २०२१ पर्यंत हा आकडा सुमारे २६,६०० वर आला. हवाईत हिवाळा काढणाऱ्या देवमाशांत २०१३ ते २०२१ दरम्यान सुमारे ३४ टक्के घट झाली. भाला खाली ठेवल्याने काम संपत नाही, हा त्याचा अर्थ.

आपल्या समुद्रातील शेजारी

हम्पबॅक केवळ दूरदेशीचा पाहुणा नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्याला भिडणाऱ्या अरबी समुद्रात त्याची एक स्वतंत्र वसाहत आहे. इतर हम्पबॅकप्रमाणे ती ध्रुवाकडे स्थलांतर करीत नाही. जनुकीय अभ्यासानुसार सुमारे ७० हजार वर्षांपासून ती इतरांपासून अलग आहे. सोव्हिएत जहाजांनी १९६० च्या दशकाच्या मध्यात या समुद्रात २४२ हम्पबॅक मारले. आज ओमानलगतच्या पाण्यात त्यांची संख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे. ओमानमध्ये उपग्रह-खूण लावलेली ‘लुबान’ नावाची मादी २०१७ च्या अखेरीस थेट भारताच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत येऊन गेली. मासेमारीची जाळी आणि जहाजांची धडक हे या वसाहतीपुढील मोठे धोके आहेत.

हवाईत हजारोंच्या संख्येने येणाऱ्या देवमाशांसाठी १०० यार्डांचे अंतर आवश्यक ठरते. जेथे शंभरही उरले नाहीत, तेथे तर ते अधिकच आवश्यक आहे. कोकणच्या समुद्रात कधी तो उंच फवारा दिसलाच, तर यंत्र मंदावून दूर थांबावे. त्याच्या वाटेतून बाजूला होणे हेच त्या पाहुण्याचे खरे स्वागत.