चिलखती गाडीचे चाक आणि कर्मशाळा

पहिल्या महायुद्धात (१९१४–१९१८) रोल्स-रॉइस चिलखती गाड्यांचे पोलादी कवच बंदुकीची गोळी परतवीत असे; त्यांचे हवेचे टायर मात्र उघडेच राहत. दुसऱ्या महायुद्धातील ‘डेमलर डिंगो’ या ब्रिटिश टेहळणी गाडीत हा दोष दूर करण्याचा यत्न आढळतो. तिचे टायर जवळजवळ भरीव रबराचे असून छिद्र पडले तरी ते धावत. म्हणून गाडीवर जादा चाक ठेवीतच नसत. रणांगणावर चाक बदलण्याचे संकट अशा रीतीने टळले.

पुढे हवेच्या टायरच्या पोटात भरीव कडे बसविण्याची पद्धत रूढ झाली, आणि रणांगणावर वाचलेले श्रम कर्मशाळेकडे आले. जाड टायरात कडे बसविण्यास बहुधा दाबयंत्र लागते. टायर बसल्यावर होणाऱ्या घर्षणाची उष्णता कमी व्हावी म्हणून अनेक प्रकारांत आत वंगण घालावे लागते. चाक उघडण्यापूर्वी तर सर्व हवा काढून टाकणे अनिवार्य असते. एरवी बोल्ट सैल होताच दुभागी चाकाचे खंड वेगाने उडून कारागिराच्या प्राणावर बेतू शकते. युद्धसाहित्याचा इतिहास लिहिताना या कारागिराची दखल घेतल्यावाचून तो पूर्ण होणार नाही.