इंग्रजी क्रियाविशेषणे आणि मराठी विद्यार्थी

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी मुलास नाम आणि क्रियापद ही ओळखावयास फारसे सायास पडत नाहीत. टेबल म्हणजे मेज, रन म्हणजे धावणे, एवढे घोकले की पहिला मुक्काम गाठला जातो. विशेषणेही फार त्रास देत नाहीत. खरी अडचण उभी राहते ती स्टिल, येट, ओन्ली, जस्ट, हार्डली अशा बारीकसारीक शब्दांपाशी. हे शब्द पहिल्या-दुसऱ्या पुस्तकातच भेटतात, पानोपानी भेटतात, आणि पदवी हाती आल्यावरही विद्यार्थ्यास चकवीत राहतात. असे का व्हावे, याचा विचार करू लागलो तेव्हा आम्हांस व्याकरणाच्या इतिहासात बरेच मागे जावे लागले.

क्रियाविशेषण हा वर्ग मुळापासूनच काहीसा संशयास्पद आहे. ग्रीक वैयाकरणांनी शब्दांच्या आठ जाती पाडल्या, त्यांत हा एक होता. परंतु उद्गारवाचक शब्दही ते ह्यातच कोंबीत. लॅटिन भाषेत आर्टिकल नाही, त्यामुळे एक जागा रिकामी पडली. मग रोमन पंडितांनी उद्गारवाचकांस वेगळे काढून आठाची संख्या राखली. स्टोइक पंथाच्या विद्वानांनी तर ह्या वर्गास 'सर्व काही सामावून घेणारा' अशा अर्थाचे नाव दिले होते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर हे अठरा धान्यांचे कडबोळे. ज्या शब्दाची इतरत्र सोय लागली नाही तो येथे आणून टाकावा, अशी वहिवाट दोन हजार वर्षे चालू आहे.

हीच वहिवाट लिंडले मरे याने शाळेत आणली. हा गृहस्थ मूळचा अमेरिकेतील वकील. पुढे इंग्लंडात यॉर्क शहराजवळ येऊन राहिला. तेथील मुलींच्या एका शाळेच्या गरजेकरिता त्याने लिहिलेले इंग्रजी व्याकरण 1795 साली प्रसिद्ध झाले, आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ इंग्रजी जेथे जेथे शिकविली गेली तेथे तेथे त्याचे राज्य चालले. बिशप लाउथच्या 1762 सालच्या व्याकरणातून मरेने पुष्कळ उचलले होते. त्याने क्रियाविशेषणांचे संख्या, क्रम, स्थळ, काळ, परिमाण, रीती, संशय, होकार, नकार वगैरे वर्ग पाडले आणि प्रत्येकाखाली शब्दांची रांग लावली. पाठांतरास ही रांग फार सोयीची. परंतु रांगेत उभा असलेला शब्द वाक्यात गेल्यावर काय करतो, हे त्या रांगेवरून कळत नाही.

आपल्याकडील इंग्रजी शिक्षणाचा आरंभ ह्याच काळातला. दादोबा पांडुरंग यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' 1836 साली निघाले. बाळशास्त्री जांभेकरांचे 'बालव्याकरण'ही त्याच सुमाराचे. दादोबांच्या व्याकरणाची मांडणी इंग्रजी व्याकरणांच्या साच्यावर बेतलेली आहे हे सर्वश्रुतच आहे. मरेच्या नऊ शब्दजातींतून आर्टिकल वगळले म्हणजे आठ उरतात, आणि आपल्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या आठच शब्दजाती शिकविल्या गेल्या. संस्कृत परंपरेची वाट निराळी होती. यास्काने नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चारच वर्ग मानले. क्रियाविशेषण हा शब्द संस्कृत वैयाकरणांस ठाऊक होता, परंतु त्याचे रूप ते द्वितीयेचे नपुंसकलिंगी एकवचन मानीत. त्याची वेगळी जात करीत नसत. आणि एव, अपि यांसारखे चिमुकले शब्द निपातांत जात. हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढील सारा घोटाळा येथेच आहे.

इंग्रजी ओन्ली ह्या शब्दाचे काम मराठीत पुष्कळदा 'च' करतो. 'च' हा स्वतंत्र शब्द नव्हे. तो ज्या शब्दावर जोर द्यावयाचा त्याच्या शेपटास चिकटतो. 'रामच आला' आणि 'राम आलाच' ह्या दोन वाक्यांत अंतर जमीन-अस्मानाचे आहे. पहिल्यात ओन्ली चालेल. दुसऱ्यात चालणार नाही, तेथे इंग्रजी मनुष्य क्रियापदावर आघात देईल. आमचा विद्यार्थी मात्र 'च' दिसला की ओन्ली लिहितो, आणि तोही 'च'प्रमाणेच शब्दाच्या मागे. 'तो आजच आला' याचे तो 'ही केम टुडे ओन्ली' असे करतो. परीक्षक ह्या वाक्याखाली लाल रेघ ओढतात; आम्हीही ओढीत आलो आहोत. परंतु खरे पाहता त्या मुलाचे व्याकरण अगदी शुद्ध आहे. ते मराठीचे आहे, एवढाच त्याचा अपराध!

'अजून' ह्या शब्दाची कथा तर याहून मौजेची. 'तो अजून झोपला आहे' येथे स्टिल हवा. 'तो अजून आला नाही' येथे येट. आणि 'अजून एक पोळी घ्या' येथे दोन्ही नकोत, तेथे मोअर. मराठी मनास तिन्ही ठिकाणी एकच भाव दिसतो : जे चालू आहे ते पुढे चालू राहणे. इंग्रजीने त्याचे तीन तुकडे केले आहेत. स्टिल ह्याचा मूळ अर्थ 'निश्चल'. जे हलले नाही ते तसेच राहिले, अशा वाटेने त्यास आजचा अर्थ आला. ही वाट मुलास दाखविली तर शब्द ध्यानात राहतो. नुसता 'स्टिल म्हणजे अजून' असा कागदी हिशेब केला तर तो तिसऱ्या वाक्यात फसतो.

रीतिवाचक शब्दांचे पाठ त्या मानाने सोपे समजले जातात, कारण तेथे 'ली' हा प्रत्यय हाताशी असतो. हा प्रत्यय मूळचा 'देह, आकार' अशा अर्थाच्या शब्दापासून आला आहे. लॅटिनपासून निघालेल्या भाषांनी देहाऐवजी मन धरले. गोव्यातील ज्या मुलांनी 1961 पूर्वी शाळेत पोर्तुगीज गिरविली, त्यांस 'मेंते'ने संपणारे शब्द आठवत असतील. ते 'मेंते' म्हणजे मनच. आपणही 'मनःपूर्वक' म्हणतोच. पण 'ली'वर विसंबणे घातक ठरते. हार्ड म्हणजे कठीण, म्हणून हार्डली म्हणजे कष्टाने, असे समजून एखादा विद्यार्थी आपल्या कष्टाळू वडिलांविषयी 'ही वर्क्स हार्डली' असे लिहितो आणि त्यांस आळशी ठरवून मोकळा होतो. गंमत अशी की हार्डली ह्याचा जुना अर्थ 'जोराने, कठोरपणे' असाच होता. 'जेमतेम' हा अर्थ पुढे आला. मूल तीनचारशे वर्षे उशिरा जन्मले, इतकेच.

काळवाचकांतही अशीच झीज आढळते. सून आणि प्रेझेंटली हे दोन्ही शब्द एके काळी 'ताबडतोब' ह्या अर्थाचे होते. माणसांच्या दिरंगाईने ते 'थोड्या वेळाने' येथवर घसरले. दारातून 'आलोच' म्हणून गेलेला मराठी मनुष्य किती वेळाने परततो हे ज्यास ठाऊक आहे, त्यास ह्याचे नवल वाटू नये.

आमच्या वडिलांच्या पिढीने हे सारे भाषांतराच्या वाटेने शिकून घेतले. तर्खडकरांच्या पाठमाला त्या काळी घरोघर असत. त्या पद्धतीची हेटाळणी करण्याची पुढे चाल पडली. आम्हांस ती पटत नाही. दोन भाषांची वाक्ये शेजारी शेजारी मांडली म्हणजे कोठे बसत नाही ते निदान दिसते. दोष होता तो सुट्या शब्दांच्या याद्यांचा.

ह्या याद्यांविरुद्ध पहिले नेमके काम परभाषकांस इंग्रजी शिकविणाऱ्यांनीच केले. हॅरल्ड पामर 1922 साली जपानात गेला. ऑफन, ऑलवेज, नेव्हर ह्या शब्दांची वाक्यातील जागा ठरविताना त्याने इंग्रजीतील चोवीस क्रियारूपे वेगळी काढली; ह्या रूपांच्या नंतर आणि इतर क्रियापदांच्या आधी हे शब्द येतात, असा नियम त्यातून निघाला. म्हणूनच 'शी इज ऑलवेज लेट', परंतु 'शी ऑलवेज कम्स लेट'. मराठीत 'नेहमी' हा शब्द वाक्यात कोठेही ठेवला तरी व्याकरण तक्रार करीत नाही, फक्त भर बदलतो. ज्यास हे स्वातंत्र्य जन्मतः लाभले त्यास हा नियम सांगितल्यावाचून कसा कळावा? ढाक्यात अध्यापन केलेल्या मायकेल वेस्टने 1953 साली सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली, आणि तीत एकाच शब्दाचा कोणता अर्थ शेकडा किती वेळा येतो हेही दिले. स्टिलचा 'निश्चल' हा अर्थ आणि 'अजून' हा अर्थ अशा रीतीने वेगवेगळे मोजले गेले.

अलीकडे आम्ही वर्गात फळ्यावर इंग्रजी शब्द लिहीत नाही. 'अजून' लिहितो, त्याखाली ती तीन वाक्ये, आणि मुलांस इंग्रजी करावयास सांगतो. मागील वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने चौथे वाक्य जोडले : 'अजूनही वेळ गेलेली नाही.' येथे स्टिल की येट, यावर तास संपेपर्यंत वाद चालला. घंटा झाली तेव्हा वर्ग दोन पक्षांत विभागलेला होता आणि आम्ही स्टिलच्या बाजूस होतो.