पब्लिक स्पेस म्हणजे काय? आपल्या संभाजीनगरच्या उदाहरणातून समजून घ्या

फोनचं स्टोरेज भरलं की फोन हँग होतो. शहराचंही तसंच आहे. छत्रपती संभाजीनगरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ८.७३ लाख होती, २०११ मध्ये ती ११.७५ लाखांवर गेली. माणसं वाढली, गाड्या वाढल्या. पण बसायला, चालायला, खेळायला जागा किती वाढली?

अर्बन डिझाईन म्हणजे काय?

फक्त सुंदर इमारती नाही. दोन इमारतींच्या मध्ये जे उरतं, म्हणजे रस्ता, फुटपाथ, चौक, बाग, नदीकाठ, त्याची नीट मांडणी करणं म्हणजे अर्बन डिझाईन. यातली जी जागा सगळ्यांना तिकीट न काढता वापरता येते, ती पब्लिक स्पेस.

आपल्याकडे हे नवीन नाही

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच आजचं शहर. त्याच्या नहर-ए-अंबरीने डोंगराकडचं पाणी जमिनीखालून, फक्त उताराच्या जोरावर वस्तीत आणलं. पंप नाही, वीज नाही! नंतरच्या काळातली पाणचक्की बघा. पडणाऱ्या पाण्यावर जातं फिरायचं आणि शेजारीच हौद, वडाची सावली. कामाची जागा आणि निवांत बसायची जागा एकच.

मग अडचण कुठे झाली?

सिडकोने सेक्टर आखताना बागांसाठी जागा ठेवली. कॅनॉटमध्ये मधे बाग आणि भोवती दुकानं आहेत, म्हणून तिथे संध्याकाळी गर्दी असते. पण बऱ्याच गुंठेवारी वस्त्यांत प्लॉट पाडताना बागेचा विचारच झाला नाही. तिथली मुलं मग रस्त्यावरच खेळतात.

मोकळ्या जागेचा फायदा काय?

- झाडं आणि माती असली की उन्हाळ्यात परिसर कमी तापतो.
- पावसाचं पाणी जमिनीत मुरतं.
- माणसांची वर्दळ असली की रस्ता जास्त सुरक्षित वाटतो.
- खिशात पैसे नसले तरी मित्रांना भेटता येतं.

सरकारच्या शहर नियोजन मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे.

बदल होतोय का?

हो. महापालिका, छावणी परिषद आणि स्थानिक संस्थांनी मिळून खाम नदीचा काठ साफ करायला घेतला. केंद्राच्या २०२० च्या ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ स्पर्धेतल्या ११ विजेत्या शहरांत आपलं शहर होतं.

हे माहीत असायलाच हवं

शहराच्या विकास आराखड्यात, म्हणजे डीपीमध्ये, बाग आणि मैदानासाठी आरक्षण टाकलेलं असतं. पण एमआरटीपी कायदा, १९६६ च्या कलम १२७ नुसार १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. म्हणजे कागदावरची बाग कायमची जाऊ शकते!

तुम्ही काय करू शकता?

१. डीपीच्या नकाशात आपल्या वॉर्डातली आरक्षणं शोधा आणि जागेवर जाऊन बघा.
२. ओपनस्ट्रीटमॅपवर फुटपाथ, बाक, बाग यांची नोंद करा. तिथे कोणालाही मोफत भर घालता येते.
३. नवा मसुदा आराखडा आला की हरकती आणि सूचना मागवल्या जातात. मुदतीच्या आत लेखी द्या आणि पोच घ्या. फक्त स्टोरी टाकून त्याची नोंद होत नाही.