जुनं लुगडं, गॉज आणि पॅड

मंडळी, आजचा विषय थोडा अवघड आहे. पण तो प्रत्येक घरातला आहे, म्हणून लिहितेच. जखमेवरची पट्टी आणि बायकांचं पाळीचं कापड, ही दोन्ही एकाच घरातली सख्खी भावंडं. एकाला मान मिळाला, दुसरं लपवलं गेलं.

इंदूरच्या आपल्या जुन्या मराठी घरांत नऊवारी लुगडं विरलं म्हणून कुणी टाकून देत नसे. त्याचे धडपे व्हायचे. मऊ भाग बाळाच्या दुपट्यांना आणि लंगोटांना, काही पट्ट्या कापल्या-भाजल्याला बांधायला, आणि काही घड्या बायकांच्या ट्रंकेत अगदी तळाशी. या कामांना नवं कापड घेत नसत, आणि ते नुसत्या काटकसरीपायी नव्हे बरं का. कोऱ्या मांजरपाटावर पाण्याचा थेंब टाकून बघा, तो मुळी आत शिरतच नाही. कापसाच्या तंतूवर जन्मतःच मेणाचा पातळ थर असतो आणि वर गिरणीची खळ. वर्षानुवर्षं सोड्यात उकळून, दगडावर आपटून हे सगळं निघून जातं, वीणही सैल होते, तेव्हा कुठे ते कापड ओल प्यायला लागतं. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल अशा गिरण्यांचं आपलं शहर. इथल्या कामगारांच्या घरी हे वेगळं शिकवावं लागत नसे.

तिकडे युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हेच चालू होतं. जुन्या लिननच्या चादरींचे धागे उपसून त्याचा पुंजका जखमेत भरत. त्याला फ्रेंच नाव शार्पी. लढाई लागली की घरोघरच्या बायका धागे उपसत बसायच्या. हेतू चांगला, पण कुणाच्या घरची चादर, कुणाचे हात, काही ठिकाण नाही. जखमा चिघळत, माणसं जात.

1865 मध्ये ग्लासगोला जोसेफ लिस्टर या सर्जननं एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या उघड्या जखमेवर कार्बोलिक अॅसिडची पट्टी ठेवली, आणि जखम न चिघळता भरून आली. 1867 मध्ये त्यानं आपली पद्धत छापून जाहीर केली. पुढे त्यानं स्वस्त विरळ मलमल कार्बोलिक, राळ आणि पॅराफिनमध्ये भिजवून आठ पदरी वापरायला सुरुवात केली. जखमेचं कापड घरातल्या चिंधीतून निघालं आणि कारखान्यात गेलं ते इथून.

मग दुसरी अडचण आली. कापूस स्वस्त, पण कच्चा कापूस पाण्यावर तरंगतो! जर्मनीत ट्युबिंगेनचे सर्जन व्हिक्टर फॉन ब्रुन्स यांनी कापसातलं मेण काढण्याची रीत बसवली आणि हायडनहाइमच्या पाउल हार्टमान यांनी 1873 च्या सुमारास तसा कापूस कारखान्यात काढायला घेतला. अल्कलीत उकळायचं, मग विरंजन करायचं. आपल्या आज्यांनी लुगड्यावर वीस वर्षांत केलं, ते तिथं काही तासांत व्हायला लागलं. असा कापूस पाण्यात टाकला की दहा सेकंदांच्या आत बुडाला पाहिजे, ही परीक्षा आजही आहे.

विणीचं गणित मात्र उलटंच. एरवी कापड जितकं घट्ट तितकं चांगलं. गॉजमध्ये उभे-आडवे धागे मुद्दाम लांब लांब ठेवतात, म्हणजे हवा खेळते आणि ओल पदरापदरातून वर चढते. तोटा असा की कापलेल्या कडेचे सुटे धागे जखमेत राहू शकतात, म्हणून घडी घालताना कडा आत दुमडतात. गुंडाळायच्या बँडेजची वीण त्याहून दाट. क्रेप बँडेज ताणलं जातं ते त्याच्या सुताला दिलेल्या जादा पिळामुळे.

1880 मध्ये बर्मिंगहॅमचे सर्जन सॅम्पसन गॅमजी यांनी गॉजच्या दोन पदरांमध्ये हा शोषणारा कापूस घातला. जखमेसाठीच. पण ती घडी डोळ्यासमोर आणा: आजच्या पॅडचा आराखडा तोच आहे. त्याच बर्मिंगहॅममध्ये साउथॉल कंपनी बायकांसाठी टॉवेल विकू लागली. अमेरिकेत 1896 च्या सुमारास जॉन्सन अँड जॉन्सननं ‘लिस्टर्स टॉवेल्स’ काढले. नाव बघा, सर्जनचं! माल चांगला असून खपेना, कारण उघड जाहिरात करायची सोय नव्हती.

पहिल्या महायुद्धात कापूस कमी पडला, तेव्हा किंबर्ली-क्लार्क कंपनीनं लाकडाच्या लगद्यापासून केलेली सेल्युकॉटन जखमांसाठी दिली. नर्सबायांनी ती गुपचूप स्वतःसाठीही वापरली. लढाई संपल्यावर कंपनीनं तीच वस्तू गॉजमध्ये गुंडाळून 1920 मध्ये ‘कोटेक्स’ नावानं विकायला काढली. बाईला दुकानदाराकडे मागायला लाज वाटू नये म्हणून काही दुकानांत काउंटरवर खोकी आणि शेजारी पैशांची पेटी ठेवत. पुढे वरचं विणलेलं गॉज जाऊन न विणलेलं कापड आलं. आपल्याकडच्या 1980 च्या भारतीय मानकात आवरणासाठी दोन्ही चालत होती, आणि पॅडनं 30 मिलिलिटर ओल खाली वा बाजूला न झिरपता धरावी असं म्हटलं होतं. बँडेजचं कापड मात्र आजही विणलेलंच. तमिळनाडूत राजपाळयमजवळच्या छत्रपट्टीत कितीतरी घरं त्यावर जगतात.

आता आपल्या घरांकडे येते. धडपा वाईट नव्हताच. मऊ, शोषणारा, धुता येणारा, गॉजच्या अगदी जवळचा. त्याला एकच गोष्ट हवी होती, कडक ऊन. घरातल्या कुणाच्या जखमेची पट्टी धुतली की अंगणातल्या दोरीवर सर्वांदेखत वाळायची. कावळा शिवलेल्या सुनेचं कापड मात्र मोरीमागे, माळ्यावर, दुसऱ्या फडक्याखाली. पावसाळ्यात ते कधी नीट वाळायचंच नाही. तेच दमट कापड पुन्हा घ्यायचं. खाज, पुरळ, जळजळ, आणि तेही कुणाला सांगायचं नाही. तिला बाजूला बसवणाऱ्या घराला विटाळाची काळजी होती, ओलीची नव्हती. हे मला त्या पिढीचं भोळेपण वाटत नाही. पट्टी उन्हात का टाकायची, हे त्याच घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

बडोदा, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादकडच्या मैत्रिणींनो, तुमच्या घरी त्या कापडाला काय म्हणत आणि ते कुठं वाळत असे, जरूर लिहा. आमच्याकडे त्याला नावच नव्हतं. नुसतं ‘ते’ म्हणायचे.