रब्बी नसलेल्या समाजाचे काजी

काजी म्हटलं की निकाह लावणारा, रजिस्टरवर सह्या घेणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. कोकणात मात्र हा शब्द आणखी एका समाजात रुळला होता. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या पट्ट्यातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्रायलींच्या धर्मकार्य करणाऱ्यालाही काजीच म्हणत. त्यांच्या प्रार्थनागृहालाही ते मशीद म्हणत. मला हे प्रथम कळलं तेव्हा गंमत वाटली होती. पुढे वाचत गेलो तसं लक्षात आलं की या एका शब्दामागे एका समाजाच्या तग धरण्याची गोष्ट आहे.

या समाजाची परंपरा सांगते की पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं, सात स्त्रिया आणि सात पुरुष वाचले आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. मग शेकडो वर्षं ना ग्रंथ, ना रब्बी. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. कोचीनहून आलेल्या डेव्हिड रहाबी याने त्यांना ओळखलं ती हकिकत प्रसिद्ध आहे. त्याने बायकांपुढे वेगवेगळे मासे ठेवले. त्यांनी पंख आणि खवले नसलेले बाजूला काढले, 'हे आम्ही खात नाही' म्हणाल्या. रहाबी नक्की कोणत्या काळातला, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. माशांची गोष्ट मात्र मला पटते, कारण धर्म टिकतो तो बहुधा चुलीपाशी.

आणखी एक गोष्ट टिकली होती. मुलाची सुंता. आपल्याकडे सुन्नतीला ठरलेला दिवस नाही. कुणी सातव्या दिवशी करतं, कुणी पाच-सात वर्षांनी, सोईने. ज्यूंमध्ये दिवस पक्का, आठवा. तौरातमध्ये हजरत इस्माईल यांची सुंता तेराव्या वर्षी आणि हजरत इसहाक यांची आठव्या दिवशी झाल्याचं आहे. मूल आजारी असेल तर थांबतात, पण आठवा दिवस शनिवारी आला तरी सुंता त्याच दिवशी करतात. ज्या समाजाचं नावच शनिवारी काम न करण्यावरून पडलं, त्यानेही हे काम शनिवारी चालवून घ्यायचं! या वेळी एक खुर्ची हजरत इलियास यांच्यासाठी, त्यांच्या भाषेत एलियाहू हनाबींसाठी, रिकामी ठेवतात. अशा शुभप्रसंगी पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं यांचा मलिदा होतो. मलिदा हा शब्द तरी आपल्याला नवा नाही.

रहाबीने तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवून तयार केलं: झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर. हेच काजी. गावोगाव फिरायचं, लग्नं लावायची, सुंतेचा विधी करायचा, भांडणं मिटवायची. पुढे हे काम वंशपरंपरेने चालत राहिलं. शिक्षण तुटपुंजं, हिब्रू पाठ केलेली, पण गाव सोडून गाव गाठायची चिकाटी होती.

मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युअल इझिकेल, यांनी 1796 साली पहिली मशीद बांधली. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत होते. आम्ही बनी इस्राईल, असं कैद्यांनी सांगताच सुलतानाच्या आईने कुरआनातला उल्लेख आठवून त्यांची रदबदली केली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो नसो, बेने इस्रायलींनी ती पिढ्यान्पिढ्या जपली आहे. मस्जिद स्टेशनचं नावही याच मशिदीवरून पडलं असं अनेक जण मानतात.

एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शलोमो सालेम शुराबी मुंबईत आले. पुस्तकं बांधून पोट भरायचं आणि मशिदीत हज्जान म्हणून प्रार्थना चालवायची. धर्माच्या वादात त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. 1856 साली ते वारले. हळूहळू काजींची जागा अशा शिकलेल्या हज्जानांनी घेतली.

आणि मग हा समाज इस्रायलला गेला, जिथे रब्बींची वाण नव्हती. तिथल्या मुख्य धर्मपीठाने 1962 साली लग्न नोंदणाऱ्यांना सूचना दिली की बेने इस्रायलींच्या मागच्या पिढ्या तपासा. आक्षेप असा की रब्बीच नव्हते, तर घटस्फोट विधिवत झाले कशावरून? आणि ते झाले नसतील, तर पुनर्विवाहातल्या संततीचं काय? म्हणजे ज्या काळात या लोकांनी कुणाचाही आधार नसताना शनिवार आणि आठवा दिवस सांभाळला, त्याच काळाचे कागद मागितले गेले. मला हा मुद्दा शास्त्राचा असूनही अन्यायाचा वाटतो. झिराडच्या काजीने कुठलं प्रमाणपत्र लिहून ठेवलं असणार?

हे लोक गप्प बसले नाहीत. 1964 च्या उन्हाळ्यात ते बायकामुलांसह जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. संसदेत विषय गेला, सरकारने समाजाची बाजू घेतली आणि ऑगस्टअखेर धर्मपीठाला सूचनेतून बेने इस्रायल हे नाव काढावं लागलं. त्याऐवजी, ज्यांच्याबद्दल शंका असेल अशा कुणाचीही चौकशी करावी, असा मजकूर आला.