पावती फाडून घेतलेली देणगी

1981 साली मी इथं हैदराबादलाच बँकेत होतो. मुंबईचे मराठी पेपर एक दिवस उशिरा यायचे आणि एकेक अंक पाच-सहा घरं फिरायचा. तरुण मंडळींना सांगावं लागेल, तेव्हा सिमेंटवर सरकारी कंट्रोल होता. घर बांधायचं तर परमिट काढा, नाहीतर काळ्या बाजारात जा.

महाराष्ट्राचे मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी साहित्यिक-कलावंतांच्या मदतीसाठी 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' काढलं होतं. हेतू चांगलाच, त्याला कोण नावं ठेवणार? पण 31 ऑगस्टला अरुण शौरींनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये लिहिलं की बिल्डर अंतुल्यांच्या ट्रस्टांना देणग्या देतात आणि त्यांना सिमेंटचा जादा कोटा मिळतो. आम्हा कॉमर्सवाल्यांना नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. लाच म्हणजे टेबलाखालचं पाकीट, ही आमची समजूत. इथं चेक होते, पावत्या होत्या, कागद अगदी चोख! म्हणूनच तर कोर्टात देणगीची तारीख आणि सिमेंटची पोती शेजारी-शेजारी मांडता आली. आणि ती पोती कुठून आली? रांगेत उभ्या असलेल्या साध्या माणसाच्या वाट्यातून.

जानेवारी 1982 मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्या. लेंटिन यांनी हा संबंध मान्य केला आणि अंतुल्यांना खुर्ची सोडावी लागली. फौजदारी खटला मात्र या कोर्टातून त्या कोर्टात फिरत राहिला. 1988 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी, तो हायकोर्टात चालवण्याचा आपलाच आधीचा हुकूम फिरवला. पुढे अंतुले दिल्लीत केंद्रीय मंत्रीही झाले.